मीटिंगमध्ये बोलायला कोण शिकवणार?

नेदरलँड्समधल्या आयंडहोवनच्या आमच्या कंपनीत बाहेरून आलेल्यांसाठी, आणि ज्या डचांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठीही, इंग्रजीचा वर्ग चालतो. व्याकरण उरकलं आणि आता ‘मीटिंग आणि संस्कृती’ हा धडा सुरू आहे. आमच्या बाई आयरिश. त्यांनी भिंतीवर हॉफस्टेड या डच संशोधकाचा तक्ता लावला. साहेब वर आणि आपण खाली, हे अंतर कोणत्या देशातले लोक किती मुकाट मान्य करतात याचे आकडे त्यात आहेत. नेदरलँड्स 38, भारत 77. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, जणू ते 77 मीच अमळनेरहून पिशवीत घालून आणले होते.

तक्त्यावर माझा विश्वास बेताचाच. हे आकडे मुळात 1967 ते 1973 या काळात आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीच्या नोकरदारांना विचारलेल्या प्रश्नांवरून काढलेले. तेव्हा आपल्याकडे आयबीएममध्ये होतं कोण? शहरातले, चांगलं इंग्रजी शिकलेले मूठभर लोक. 1978 मध्ये तर ती कंपनी देश सोडून गेली. शितावरून भाताची परीक्षा एक वेळ चालेल, पण इथे शीतच दुसऱ्याच्या हंड्यातलं.

तरी आकडा झोंबला, आणि का ते पुढच्या तासाला कळलं. बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली: मशीन ठरलेल्या तारखेला तयार होणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या साहेबाने ग्राहकाला तीच तारीख देऊन टाकली आहे. ग्राहक समोर बसला आहे. बोला. डच पोरगा तोंडातला घास गिळून म्हणाला, “ही तारीख जमणार नाही,” आणि पुन्हा ब्रेड-चीजकडे वळला. जपानी गृहस्थ बराच वेळ चिठ्ठी न्याहाळत बसले. मग म्हणाले की ही वेळ मी येऊच दिली नसती. आदल्या दिवशीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन सगळं जुळवून ठेवलं असतं. मीटिंगमध्ये फक्त माना डोलावायच्या. मला तर ते आमच्या गल्लीतलेच वाटले. सोयरिकीच्या बैठकीत देणं-घेणं आधीच मधल्या माणसाने ठरवलेलं असतं, बैठकीत सुपारी फुटते तेवढीच.

म्हणजे बोलायची पद्धत आपल्यालाही आहे. अडतं ते चारचौघांत, मोठ्या माणसासमोर. आपली ग्रामसभाच घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा पिढ्यान्‌पिढ्या पाठ. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग शिपाई वही घेऊन दारोदार सह्या गोळा करतो. ज्याला नळाचा प्रश्न मांडायचाय तो पानटपरीवर दोन तास मांडतो, पण सभेत उभं राहून “नाना, आठे चूक शे”, म्हणजे इथे चूक आहे, असं म्हणायला कोणी धजत नाही, कारण नाना नात्यातले आणि सोसायटीचं कर्जही नानांच्याच हातात. यात इंग्रजीचा काय संबंध? सभा तर अहिराणीतच चालते.

तिकडे महाराष्ट्रात वाद कशावर चाललाय? 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये शब्द बदलून दुसरा आला, आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले. मागे घेतले ते बरंच झालं. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा कशाला? पण ‘सेमी की फुल इंग्लिश’ हा घरोघरचा वाद तसाच आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज तिशीपार आहेत, आणि धुळे-जळगावात ‘फाडफाड इंग्लिश’च्या पाट्या काही कमी झालेल्या नाहीत. तिथे शिकून आलेले नवे सहकारी मी इथे बघतो. इंग्रजी बरं असतं, पण मीटिंगमध्ये खाली मान घालून लिहून घेतात आणि नंतर कॉफी मशीनपाशी मला मराठीत सांगतात की तो आराखडाच चुकलाय.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. डचांना प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. 1982 मध्ये वासेनारला कामगार संघटना आणि मालक एकत्र बसून तोडगा निघाला, तेव्हापासून या सहमतीचं कौतुक ते पोल्डर मॉडेल म्हणून करतात. पण सायकल स्टँड कुठे हलवायचा यावरही तिसरी मीटिंग होते तेव्हा मला आमच्या नानांची फार आठवण येते. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला असता. शिवाय सत्तरीच्या माणसाला तिशीतला पोरगा सगळ्यांसमोर “यात काही अर्थ नाही” म्हणतो ते मला अजून पचत नाही, आणि पचावं असंही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: रोंडफ्राख. सभा संपायच्या आधी चालवणारा एकेकाकडे बघून विचारतो, तुझं काही राहिलंय का? धाकट्यालाही विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. याला पैसे लागत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात. तिथे मुख्याध्यापकांनी एवढं एक केलं, “तुले काय वाटस?” असं मागच्या बाकावरच्या माउलीला विचारलं, तर दोन-तीन बैठका ती गप्पच राहील. चौथ्या बैठकीत शौचालयाच्या कुलपाबद्दल बोलेल. पाचवीच्या वर्गातही आठवड्याला एकदा हे करता येईल, भाषा कुठलीही असो.

पुतण्याच्या प्रवेशासाठी भाऊ सध्या शाळा बघतोय. फोनवर मी विचारलं, त्या शाळेत पोरं सरांना प्रश्न विचारतात का रे? तो म्हणाला, “ते नाही बघितलं दादा. बससह फी किती ते आणलंय विचारून.”