'का?' विचारलं की मन गोष्ट रचतं

स्वतःला ओळखण्याबद्दलचा एक लेख वाचला. लेख छान आहे, पण त्यातलं 'रोज दहा मिनिटं शांत बसून मनाला "मी असं का वागलो?" असं विचारा, खरं उत्तर आतूनच येईल' हे काही पटलं नाही. गोची त्या 'का'मध्येच आहे.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांचा २००५ सालचा प्रयोग बघा. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आवडलेला निवडायला सांगायचा आणि हातचलाखीने नेमका नाकारलेला फोटो हातात ठेवायचा. बहुतेक वेळा ही अदलाबदल लोकांच्या लक्षातच आली नाही. वर 'हाच का निवडला' याची कारणंही त्यांनी बिनदिक्कत दिली! एकाने तर कानातले आवडले म्हणून सांगितलं. त्याने खरोखर निवडलेल्या फोटोत कानातले नव्हतेच. बरं, ही माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

माझंच सांगतो. पहिली नोकरी 'तत्त्वासाठी' सोडली असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. परवा माळा आवरताना तेव्हाची डायरी सापडली. त्यात पानंच्या पानं पगारवाढ न मिळाल्याची रडगाणी. तत्त्वाचा त शोधून सापडेना.

तेव्हापासून स्वतःबद्दल काही जाणून घ्यायचं तर डोळे मिटून बसत नाही, बायकोला विचारतो. तिचं उत्तर आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.