बारा वर्षं भाडं भरलं म्हणून घर भाडेकरूचं होत नाही

‘सुप्रीम कोर्टाचा मोठा निर्णय! 12 वर्षं राहिलेला भाडेकरू आता घराचा मालक!’ हा मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. या वेळी तो पुण्यातल्या माझ्या आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर आला. तिच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब बरीच वर्षं भाड्याने राहतंय. भाडं वेळेवर बँकेत जमा होतं, कधी वाकडा शब्द नाही. मेसेज वाचून आत्याचा फोन: “ते गावाला गेलेत, तोवर कुलूप बदलू का रे?” मेसेजमध्ये सल्लाच तसा आहे. भाडेकरूला वेळीच काढा, ऐकत नसेल तर लाइट-पाणी तोडा, 11 महिन्यांचा करार नोटरी करा की निर्धास्त, आणि स्टॅम्प पेपर सहा महिन्यांत वापरा.

ज्या निकालाच्या नावावर हे सगळं खपवलं जातं, तो 7 ऑगस्ट 2019 चा, रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर. तीन न्यायमूर्तींसमोर प्रश्न होता तो प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे वकील ज्याला अ‍ॅडव्हर्स पझेशन म्हणतात त्याचा. दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून कुणी सलग 12 वर्षं ताबा ठेवला, तर त्या जोरावर तो स्वतः कोर्टात दावा लावू शकतो का, की मालकाने दावा लावल्यावर फक्त बचाव म्हणून ते सांगू शकतो? 2013 च्या एका निकालात ‘फक्त बचाव’ असं म्हटलं होतं. 2019 मध्ये ते बदललं आणि दावाही लावता येतो असं ठरलं. भाडेकरूला मालक करणारं त्या निकालात काहीही नाही.

आणि असणार तरी कसं? प्रतिकूल ताब्याला ‘ही जागा माझी, तुझी नाही’ असा पवित्रा लागतो. भाडेकरू दर महिन्याला भाडं भरतो, म्हणजे दर महिन्याला मालकाची मालकी कबूल करतो. आत्याच्या पासबुकातली प्रत्येक नोंद तिच्याच बाजूचा पुरावा आहे. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 122 (जुन्या पुरावा कायद्यात याच्या जागी 116 होतं) सांगतं की भाडेकरी चालू असताना किंवा त्यानंतरही, ती सुरू झाली तेव्हा मालकाला त्या जागेत हक्कच नव्हता, असं म्हणायची मुभा भाडेकरूला नाही. तिथे बारा काय, तीस वर्षं राहिला तरी फरक पडत नाही.

12 चा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करतो. 1963 च्या मुदत कायद्यात, म्हणजे दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या कायद्यात, तो आहे. भाडेकरी कायदेशीरपणे संपल्यावर ताबा परत मागायच्या दाव्यालाही 12 वर्षांचीच मुदत आहे. तेव्हा भाडेकरी संपवून, भाडं घेणं बंद करून वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या मालकाने जागं व्हावं. आत्याची गोष्ट ती नाही.

खरा संताप कुलूप आणि पाण्याच्या सल्ल्याचा येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे सबळ कारणाशिवाय भाडेकरूची आवश्यक सेवा तोडणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. कुलूप बदललं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हे कोर्ट बघतही नाही. म्हणजे जिचं घर सुरक्षित होतं, त्या सत्तरीच्या बाईला हा मेसेज आरोपी करून ठेवणार होता.

नोटरीचं तर उघडउघड चूक आहे. एक वर्षापर्यंतचा भाडेकरार रजिस्टर करण्याची सक्ती केंद्राच्या नोंदणी कायद्यात नाही, म्हणून 11 महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 मुळे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

स्टॅम्प पेपरची सहा महिन्यांची मुदत मात्र महाराष्ट्रापुरती बरोबर आहे. पण तेवढ्यासाठी हा मेसेज पुढे पाठवायची गरज नाही.