स्प्रिंगच्या चाकाचा व्हिडिओ आणि काळ्या मातीचा चिखल

पंधरा दिवसांत तो व्हिडिओ मला सात जणांनी पाठवला. सातवा माझा भाचा. खाली लिहिलं होतं, ‘मामा, आपल्या वर्कशॉपात हे बनवू.’ मी जळगावजवळ ट्रॉल्या आणि हातगाड्या बनवतो, त्यामुळे चाकाचं काहीही दिसलं की लोकांना आधी मी आठवतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका मोटरसायकलच्या मागच्या चाकाला टायरच नाही. मधला हब, बाहेर लोखंडी कडं, त्याला रबराची पट्टी, आणि दोघांच्या मधे गोल रांगेत बसवलेल्या स्प्रिंगा. माणूस गाडी विटांवरून हळूहळू नेतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. सोबतचा मजकूर असा: हवेचा टायर आता इतिहासजमा. या चाकाला पंक्चर नाही, शॉकअप लागत नाही, मायलेज वाढतं, चाक आयुष्यभर टिकतं, उन्हात फुटत नाही. नासाने चंद्रावर हेच वापरलं. शोध शंभर वर्षांपूर्वीचा आहे, टायर कंपन्यांनी पेटंट घेऊन दाबला. पुढे पाठवा.

यातलं एक कबूल करून टाकतो. पंक्चरचा वैताग खरा आहे. दिवाळी उलटली की आमच्याकडच्या बांधावर सराटे वाळतात, आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या सायकली दिवसाआड पंक्चरवाल्याकडे आडव्या पडतात. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबली की एका जागी नव्हे, तीन जागी बुडबुडे. त्यात बाभळीचा काटा वेगळाच. तेव्हा हा व्हिडिओ खानदेशात का फिरतो, हे मला पुरतं समजतं.

आता शॉकअपचं बघू, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथं आहे. लोकांना वाटतं की स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली तार, आणि टायरमधली हवा म्हणजे नुसतं भरलेलं काहीतरी. हवा स्वतःच स्प्रिंग आहे, आणि फार हुशार स्प्रिंग आहे. १२०० किलोची कार धरा. एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार करा, १४० च्या आसपास चौरस सेंटिमीटर येतात. तेवढाच टायर जमिनीला टेकतो, म्हणजे आपल्या हाताच्या पंजाएवढा. वजन वाढलं की तो आपोआप थोडा जास्त टेकतो. वाटेत लिंबाएवढा खडा आला तर टायर त्याला पोटात घेतो. बाकीचा टायर जमिनीवरच राहतो, गाडीला खडा जेमतेम कळतो.

व्हिडिओतल्या चाकाचं बाहेरचं कडं मात्र कडक आहे. ते खडा पोटात घेऊ शकत नाही, त्याच्यावर चढतं. कडं, रबरपट्टी आणि स्प्रिंगांची बाहेरची टोकं एवढं सगळं वजन दर खड्याला उचललं जातं आणि आपटतं. विटांवरून चालण्याच्या वेगाने नेलं तर छान दिसतं. धुळे रस्त्याला ताशी ६० ने नेलं असतं तर तो माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसला नसता.

दुसरं, स्प्रिंग दबली की परत उसळते आणि उसळतच राहते. तिला शांत करायला शॉकअपमध्ये तेल असतं. मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपला चार-साडेचार इंच खेळ असतो. चाकाच्या आत स्प्रिंगेला इंच-दीड इंच जागा मिळाली तरी पुष्कळ. एवढ्यात खड्डा जिरवायचा कसा?

आणि ब्रेक. मधल्या हबवर ब्रेक लागतो, बाहेरचं कडं रस्त्यावर पळत असतं, आणि दोघांना जोडणाऱ्या फक्त स्प्रिंगा. ब्रेक दाबला की हब थांबतो, कडं पुढे सरकतं, स्प्रिंगा तिरप्या होतात. वळणावर तेच आडव्या अंगाने. ते आवरायला मधे दांड्या, पिना आणि बुश, म्हणजे पिनांभोवतीच्या नळ्या, लावावे लागतात. म्हणजे एका चाकात वीस-पंचवीस ठिकाणी झीज. ज्याने ट्रॅक्टरच्या लिंकेजच्या पिना बदलल्या आहेत त्याला जास्त सांगायला नको.

हे पुस्तकातून बोलत नाही, मी तसं चाक बनवलेलं आहे. बारा-तेरा वर्षं झाली असतील. केळीचे घड बागेतून रस्त्यापर्यंत आणायची एक हातगाडी होती, तिच्यासाठी. भंगारातून जुन्या सायकलींच्या सीटखालच्या बारा सारख्या स्प्रिंगा निवडून आणल्या, पाइपाच्या तुकड्यांच्या वाट्या वेल्ड केल्या, बाहेर पट्टीचं कडं वाकवलं. वर्कशॉपच्या फरशीवर गाडी अशी चालली की मी दोन दिवस सगळ्यांना बोलावून दाखवत होतो. खालची स्प्रिंग दबते, वरची सैल होते, बघत राहावं असं काम. कडं फरशीवर वाजायचं, तेवढंच.

मग मृगाचा पाऊस झाला आणि गाडी बागेत गेली. काळी माती ओली झाली की तिला चिखल म्हणणं सौजन्याचं आहे, तो डिंक असतो. पहिल्या शंभर पावलांत स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत माती बसली. पुढच्या शंभरांत केळीच्या सोपटाचे धागे तिच्यात गुंडाळले गेले. बांधावर आलो तेव्हा बारा स्प्रिंगांच्या जागी एक भरीव गोळा होता. ओढणारा गडी म्हणाला, ‘दादा, हाई चाक आमना गारामा टिकाव नही.’ म्हणजे हे चाक आमच्या चिखलात टिकायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि ती माती विटेसारखी वाळली. स्क्रू ड्रायव्हरने कोरून काढताना एका वाटीचं वेल्ड सुटलं आणि स्प्रिंग उडून पत्र्यावर आदळली. माझ्या डोळ्याला लागली नाही, हे नशीब. गाडीला पुन्हा हवेची चाकं लावली. चिखलात टायर दबतो, सुटताना फुगतो, आणि माती आपोआप झाडून टाकतो. बैलगाडीच्या लाकडी चाकांची लोखंडी धाव जाऊन टायर आले ते काही फॅशन म्हणून नाही आले. त्याच दोन बैलांनी जास्त माल ओढला जातो, हे शेतकऱ्याला एका हंगामात कळलं.

ट्रॅक्टरच्या टायरचं तर विचारूच नका. शेतात मऊ जमिनीवर हवा कमी करा, रस्त्यावर वाढवा, पकड हवी असेल तर मागच्या टायरमध्ये पाणी भरा. एकच टायर, तीन स्वभाव. स्प्रिंग एकदा जेवढी कडक बसवली तेवढीच राहते, ट्रॉली रिकामी असो की भरलेली.

‘आयुष्यभर टिकतं’ याचा हिशोब कागदावर करता येतो. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. एका किलोमीटरला ५३० च्या आसपास फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्प्रिंग एकदा दबते आणि उलगडते. ४० हजार किलोमीटरला दोन कोटी दहा लाख वेळा. कुणी म्हणेल, इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा याहून जास्त वेळा दबतात आणि टिकतात. बरोबर. पण त्या बंद खोलीत, तेलाच्या आंघोळीत, दर वेळी तेवढ्याच अंतराने दबतात. चाकातली स्प्रिंग पाण्यात, धुळीत, शेणात चालते. गंज चढतो, गंजाच्या बारीक खळग्यातून तडा सुरू होतो, आणि धातूचा थकवा बाहेरून दिसत नाही. जर्मनीत १९९८ साली, ३ जूनला, एशेडे गावाजवळ भरधाव रेल्वेला झालेला अपघात याच जातीचा. धक्के कमी व्हावेत म्हणून चाकाच्या पोलादी कड्याखाली रबराचं वेटोळं घातलेलं होतं. ते कडं थकव्याने तुटलं आणि १०१ माणसं गेली. तिथं स्प्रिंग नव्हती, रबर होतं, हे मान्य. पण चाकाच्या आत हलणारा भाग घातला की तपासणी किती कडक लागते, हे त्यावरून कळावं. ती तपासणी आपल्याकडे कोण करणार, गॅरेजवाला पोऱ्या?

चंद्राचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण तो अर्धा खरा आहे. अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांत, १९७१-७२ साली, चंद्रावर गाडी नेली होती. तिची चाकं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या विणलेल्या जाळीची होती, वर टायटॅनियमच्या पट्ट्या. व्हिडिओतल्यासारख्या गोल स्प्रिंगा त्यात नव्हत्या. तिथं वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश. वेग सायकलचा. तिन्ही गाड्या मिळून ९० किलोमीटरच्या आसपास चालल्या, आणि सर्वांत जास्त चाललेली गाडी सुमारे ३६. म्हणजे जळगावहून निघून भुसावळला टेकावं आणि परत येताना नशिराबाद गाठायच्या आतच त्या चाकाचं काम संपावं. त्यावरही कडी म्हणजे, त्या गाडीला सस्पेन्शन होतं, उसळी शांत करणाऱ्या डॅम्परसकट. ज्या चाकाचा दाखला देऊन शॉकअप नको म्हणतात, त्याच्यावरच शॉकअप बसवलेला होता.

पुढे नासा आणि गुडइयर यांनी मिळून खरोखर स्प्रिंगांचा टायर केला, ८०० स्प्रिंगा एकमेकींत विणून. तो चालतो. पण अणकुचीदार दगडांवर पोलादी स्प्रिंगा वाकून तशाच राहतात असं दिसलं, म्हणून ते निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूकडे वळले. तो वाकला तरी मूळ आकारात येतो. किमतीचं विचाराल तर तो धातू भंगार बाजारात मिळत नाही, एवढं सांगतो.

मायलेजबद्दल थोडक्यात. लोखंडी स्प्रिंग रबरापेक्षा कमी तापते हे खरं, पण तिच्याभोवतीच्या पिना आणि बुश घासतात, आणि जड चाक प्रत्येक सिग्नलला नव्याने फिरवावं लागतं. मायलेज हवं असेल तर महिन्यातून दोनदा हवा तपासा. आपल्यापैकी निम्मे लोक टायर बसलेला दिसेपर्यंत तपासत नाहीत, मीही त्यात येतो.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे ‘हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतो’ हे पटकन पटतं. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय भरली आणि हायवेवर टायर ७० अंशांवर गेला, तर दाब ३८ च्या आसपास जाईल. धड टायरला एवढं सहज झेपतं. फुटतो तो बहुतेकदा कमी हवेचा, ओव्हरलोड केलेला किंवा म्हातारा टायर. हवा कमी असली की बाजूच्या भिंती सतत दुमडतात आणि तापतात. म्हणजे उन्हाळ्यात भीतीने हवा कमी ठेवणारा उलट धोका ओढवून घेतो. हा उपाय मी दर वर्षी कुणाला तरी करू नको म्हणून सांगतो, आणि दर वर्षी तो कुणीतरी करतोच.

राहिली ‘कंपन्यांनी दाबलं’ ही गोष्ट. पेटंट म्हणजे कुलूप लावलेली तिजोरी नाही. पेटंट छापून उघड करावं लागतं, आणि भारतात त्याची मुदत अर्जापासून २० वर्षं. शंभर वर्षांपूर्वीचं पेटंट आज कुणीही, मी सुद्धा, फुकट वापरू शकतो. हवेच्या टायरचाच इतिहास बघा. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली पेटंट घेतलं, ते लोक विसरले. १८८७-८८ साली डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला, आणि नंतर थॉमसन यांचं जुनं पेटंट सापडल्यावर डनलॉप यांचं रद्द झालं. टायर जगभर पसरायचा तो पसरलाच.

स्प्रिंगच्या चाकांनाही संधी मिळाली नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत रबर येईना, तेव्हा तिथं सायकलींना दुहेरी कडं आणि मधे स्प्रिंगा अशी चाकं लावली होती. हजारो लोक त्यांच्यावर बसले. युद्ध संपलं, रबर आलं, आणि लोकांनी आपणहून ती चाकं काढून टाकली. आणि ज्या कंपन्यांनी दाबलं म्हणतात, त्यातल्याच मिशेलिनने २००५ साली ट्वील नावाचं बिनहवेचं चाक दाखवलं, आणि पुढे ते विकायलाही आणलं. माती-माल उचलणाऱ्या स्किड लोडरना आणि गवत कापायच्या यंत्रांना ते लागतं, म्हणजे हळू चालणाऱ्या आणि खिळ्या-काचांत फिरणाऱ्या यंत्रांना. कारसाठीचं तसंच अप्टिस नावाचं चाक त्यांनी २०१९ साली जाहीर केलं. जे दाबायचं ते कुणी असं प्रदर्शनात मांडत नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मग मोटरसायकलला नको, पण आजीच्या व्हीलचेअरला? इथं मी गप्प झालो, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. ब्रिटनमध्ये वाकवलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेली व्हीलचेअरची चाकं विकली गेली आहेत. वेग कमी, वजन कमी, चिखल नाही, ओटा आणि फरशीतली फट एवढाच काय तो खड्डा. रस्त्यावरच्या गाडीचं वेगळं, तिथं मोटार वाहन नियमांतला ९४ क्रमांकाचा नियमच हवेचे टायर मागतो, त्यामुळे व्हिडिओ बघून कुणी मोटरसायकलचं चाक कापायला बसू नये.

रविवारी तो वर्कशॉपात येतोय. ते जुनं चाक माळ्यावरून खाली काढून ठेवलं आहे. वाळलेली माती अजून थोडी आहे, पण बारापैकी अकरा स्प्रिंगा शाबूत आहेत.