मल्हार ठेवा, पण कुणाचा मल्हार ते लिहा

रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या ओट्यावर सुरुवात अर्थातच मतदार यादीवरून झाली. यादीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच गल्लीतल्या सारख्या नावाच्या दोघांपैकी कोण राहिला आणि कोण उडाला, तेही माहीत आहे. बीएलओच्या, म्हणजे यादी तपासणाऱ्या बूथ अधिकाऱ्याच्या नावाने ठरलेल्या शिव्या देऊन झाल्या, पोह्यांवर दुसऱ्यांदा जीरावन मसाला पडला, आणि शिरीषभाऊ मध्येच म्हणाले, "नातवाचं नाव मल्हार ठेवायचं म्हणतोय."

झालं. बापूंनी खिशातून पेन काढलं. बापूंच्या बोटांत इतक्या अंगठ्या आहेत की चहाचा ग्लास धरला की नक्की काय तापलंय ते कळत नाही. त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर अंकज्योतिषाचे आकडे मांडले. "एमचे चार, एचा एक, एलचे तीन, एचचे पाच, परत एचा एक, आरचे दोन. सोळा! भिया, सोळा म्हणजे पडका बुरूज. शेवटच्या आरआधी एक ए वाढवा, सतरा होतात. सतरा म्हणजे तारा."

मंगलताईंनी चमचा खाली ठेवला. नगर निगमच्या जन्म-मृत्यूच्या खिडकीवर नोकरी झालेली बाई. तिच्यासमोर नावाबद्दल बोलताना माणसाने जरा बेताने बोलावं. "सुभेदार मल्हारराव होळकरांनी किती ए लावले होते हो? इंग्रजीचं एक अक्षर न गिरवता माळवा घेतला त्यांनी."

"तेव्हाचे ग्रह वेगळे होते," बापू म्हणाले.

"ग्रह तेच आहेत, अंगठ्या वाढल्यात."

मास्तरांना मधली जागा मिळाली. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचा तास काही संपलेला नाही. मल्हारराव हे नाव घेऊन चार माणसं या मुलखात राज्यकारभाराला बसली आणि चौघांचं एकमेकांशी जमेल असं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिला होळ गावचा, खंडोजीचा मुलगा. जन्म १६९३ चा, मृत्यू १७६६ चा. धनगराचा पोरगा पेशव्यांच्या फौजेत शिरला आणि उत्तरेत मराठ्यांचा खांब झाला. १७५८ ला राघोबादादांबरोबर पंजाबच्या मोहिमेत होता.

"आणि १७६१ ला पानिपतातून सगळ्यांच्या आधी बाहेर," लष्कर म्हणाले.

लष्कर म्हणजे आमचे ग्वाल्हेरचे मित्र. निम्मं आयुष्य इंदुरात गेलं तरी घर विचारलं की अजून 'लष्कर', म्हणजे ग्वाल्हेरातला तो भाग, असंच सांगतात, म्हणून ते नाव पडलं. मास्तर लाल झाले. या विषयावर दोघांचं एकदा असं वाजलं होतं की पुढचे दोन रविवार एक जण ओट्याच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला.

"जिवंत बाहेर पडले म्हणून पुढे उत्तरेकडे बघायला कुणी तरी उरलं," मंगलताई म्हणाल्या. "आणि गेले ते तुमच्याच बाजूला, आलमपूरला. छत्री आहे तिथे. माहेरी जाताना कधी एक फूल वाहा, मग बोला."

दुसरा मल्हारराव म्हणजे पहिल्या तुकोजी होळकरांचा मुलगा. लढवय्या म्हणून नाव होतं, पण नाव मोठं करायला वेळच मिळाला नाही. तुकोजी १७९७ मध्ये गेले, गादीवरून थोरल्या भावाशी, काशीरावाशी भांडण लागलं, काशीरावाने दौलतराव शिंद्यांची मदत घेतली, आणि त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावाची छावणी घेरून त्याला मारलं. शिंदे म्हणजे ग्वाल्हेरचं घराणं, म्हणून इथे सगळ्यांनी लष्करांकडे पाहिलं. लष्कर कढीपत्ता वेचून बाजूला काढत होते.

तिसरा यशवंतराव होळकरांचा मुलगा. १८०६ चा जन्म, १८११ मध्ये गादी, म्हणजे पाच वर्षांचं पोर. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांशी लढाई झाली तेव्हा वय अकरा. आदल्याच दिवशी कारभार बघणाऱ्या तुळसाबाईला आपल्याच लोकांनी क्षिप्रेकाठी मारलेलं. लढाई हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, बराच मुलूख गेला, आणि दरबार इंदुरात येऊन बसला. हा मल्हारराव १८३३ मध्ये वारला, तिशीही गाठली नाही.

"म्हणजे बघा," मंगलताई म्हणाल्या, "जिंकणाऱ्या मल्हाररावाने सुभेदारी दिली, हरणाऱ्याने राजधानी दिली. बापू, दोघांची बेरीज काय येते?"

बापूंनी खरंच पेन उचललं होतं. उत्तर तेच येणार हे ध्यानात आल्यावर ठेवून दिलं.

चौथा बडोद्याचा, आणि मास्तर खुलतात ते त्याच्यावर. मल्हारराव गायकवाड. थोरले भाऊ खंडेराव महाराजांनी कटाच्या आरोपावरून याला पादऱ्याला कैदेत टाकलेलं. १८७० ला खंडेराव गेले आणि कैदी थेट गादीवर. मग सोन्याच्या तोफा ओतवल्या. १८७४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली, आळ महाराजांवर. चौकशीला सहा जण बसले. तिघे इंग्रज म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले शाबीत नाही.

"त्या तिघांत दोन आमचे!" लष्कर जवळजवळ उभे राहिले. "जयाजीराव शिंदे महाराज आणि दिनकरराव राजवाडे, आमचे जुने दिवाण. तिसरे जयपूरचे. मल्हाररावाच्या बाजूने ग्वाल्हेर उभं राहिलं, लिहून ठेवा."

"एका मल्हाररावाला मारून दुसऱ्याला वाचवायला गेलात," मंगलताई म्हणाल्या, "आणि तोही वाचला नाही."

खरंच वाचला नाही. तीन-तीन पडले तरी सरकारने कुशासनाचं कारण काढून १८७५ मध्ये पदच्युत केलं, मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ ला शेवट. बडोद्याचं विस्कटलेलं घर सावरायला दिवाण म्हणून आले ते टी. माधवराव, आणि ते आपल्या इंदूरचीच दिवाणगिरी सोडून गेले होते. त्याच वर्षी नाशिककडच्या कवळाण्याहून गोपाळ नावाचा मुलगा दत्तक आणला आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. ग्वाल्हेरचे जयाजीरावही मूळचे भागीरथराव. दत्तक गेलं की गादीबरोबर नाव येत असे, राजपत्रात जाहिरात द्यावी लागत नसे.

"पण चारपैकी तीन वाईट गेले की नाही?" बापूंनी शेवटचा प्रयत्न केला. "बुरूज पडला की नाही?"

"बापू, तुमच्या सांगण्यावरून शिरीषने दुकानाच्या पाटीत एक ए वाढवला. गिऱ्हाईक वाढलं?"

"पेंटरचं बिल वाढलं," शिरीषभाऊ म्हणाले. हा घाव जुना आहे, पण निघाला की अजून सगळ्यांना तितकाच आवडतो.

मग बोलणं खऱ्या कामावर आलं, आणि आलं ते मंगलताईंमुळेच. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. खंडोजीचा मल्हार, मल्हारचा खंडेराव. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून घरात बाळ, नाना, आबा. तरी जुन्या कागदात घोटाळा कमी, कारण 'बिन' लावून बापाचं नाव जोडलेलं असायचं. आणि आज आपण तेच मधलं नाव गाळतो. महाराष्ट्रात, गुजरातेत बापाचं नाव मध्ये धरूनच चालतात. इथे हिंदी फॉर्मात पित्याचा रकाना वेगळा, म्हणून मुलाच्या रकान्यात नुसतं नाव आणि आडनाव पडतं. यादी छापली, संगणकाने जुळणी केली, की एकाच वॉर्डातले दोघे एक दिसतात.

"आणि ळ?" मास्तर म्हणाले. "काळ्यांचा काले होतो, गोळ्यांचा गोले. मग काले आणि काळे एकच."

"होतोच. हिंदी टायपिंगवाला ळ शोधत बसत नाही. मल्हारचा मलहारही होईल. म्हणून छापायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे फिरवून घ्यायची आणि देवनागरी ओळ वाचायची. लोक इंग्रजी ओळ वाचतात आणि सही करतात."

शिरीषभाऊ आता पेपरच्या त्याच कडेवर लिहू लागले, बापूंच्या सोळा-सतराच्या खाली. जन्माची नोंद एकवीस दिवसांत. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवायचा, घाईने घरातलं लाडाचं नाव घालायचं नाही. पहिल्या बारा महिन्यांत नाव फुकट चढतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून. एकदा चढलं की चूक असेल तरच दुरुस्ती होते, 'आता हे आवडत नाही' ही चूक धरत नाहीत. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून लायसन्सपर्यंत जन्माचा दाखलाच चालतो, म्हणजे इथली मात्रा पुढे सगळीकडे जाणार. पाच वर्षांखालच्या आधारमध्ये बोटांचे ठसे घेत नाहीत, तोवर पोराची ओळख म्हणजे नाव, जन्मतारीख आणि आईबाप. पुढे आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

"आणि पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं असतं," मंगलताई सांगत होत्या. "आडनावाच्या जागी बापाचं नाव गेलं की तिथेच घोळ. पॅन आणि आधार जोडताना नाव जुळत नाही ते त्यामुळे. दुसरं पॅन काढून सुटका होत नाही, दोन सापडली तर दहा हजार दंड."

"नुसतं मल्हार एवढंच ठेवलं तर? मॉडर्न वाटतं," शिरीषभाऊंनी घाबरत विचारलं.

"पासपोर्टवर एकच शब्द असला की दुबईचा व्हिजिट व्हिसा नाही. नोव्हेंबर २०२२ पासून. मॉडर्न राहा, पण इंदुरातच."

सिबिलचं, म्हणजे कर्जाच्या नोंदींचंही निघालं. दुसऱ्याचं थकलेलं कर्ज आपल्या नावावर दिसतं ते बहुधा नाव आणि जन्मतारीख सारखी आणि पॅन कुठे तरी चुकलेलं असतं म्हणून. तक्रार ऑनलाइन घालायची. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रोजचे शंभर रुपये भरपाई मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मतदार यादीत तपशील चुकला असेल तर फॉर्म आठ, कुणाच्या नावावर हरकत असेल तर फॉर्म सात, नव्याने चढवायचं तर सहा. नाव सांगून भांडू नका, कार्डावरचा नंबर सांगून भांडा. तीन अक्षरं, सात आकडे, तो सहसा दोघांचा सारखा नसतो.

"म्हणजे मल्हार ठेवू?"

"ठेव. मल्हार, मध्ये बापाचं नाव, शेवटी आडनाव. सगळीकडे तीनच शब्द, तेच स्पेलिंग. बापूंचा जादा ए एका कागदावर गेला आणि दुसऱ्यावर नाही गेला, तर बुरूज पडेल तो तिथे."

बापू म्हणाले, दौलत नाव कसं वाटतं, त्याची बेरीज काढून बघतो. इंदुरात, होळकरांच्या राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दौलत! मास्तरांनी हात जोडले. लष्कर मात्र खूश. म्हणाले, या आनंदात आजचे पोहे माझ्याकडून.

"पोहे तुमच्याकडूनच," मंगलताई म्हणाल्या. "ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांचा सर्जेराव घाटगे इंदूर लुटून गेला, ते अजून येणं आहे."

"ते १८०२ मध्ये हडपसरला यशवंतरावांनी वसूल केलं!"

"मुद्दल. व्याज कुठे आहे?"

मास्तर द.सा.द.शे. दर विचारू लागले, बापू १८०१ ची बेरीज करू लागले, चहावाला म्हणाला भिया, व्याज नंतर लावा, आधी स्कॅन करा. लष्करांनी फोन काढला, आणि शिरीषभाऊंनी संधी साधून चार प्लेट पोहे घरासाठी बांधून मागितले.