फेसबुकवर 'परवानगी देत नाही' लिहून परवानगी जात नाही

परवा अमळनेरहून मावशीचा फोन आला. "ते मी फेसबुकवर टाकी दिधं रे भाऊ, आते काळजी नही." उघडून पाहिलं, तर तोच जुना मजकूर: 'उद्यापासून नवा नियम. तुमचे सगळे फोटो, डिलीट केलेले मेसेजसुद्धा सार्वजनिक होणार. मी मेटाला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही. रोम कायद्यानुसार उल्लंघन शिक्षापात्र. शेअर नको, कॉपी-पेस्ट करा.' (मेटा म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी.) संध्याकाळपर्यंत धुळ्याच्या दोन मामांनी आणि शहाद्याच्या वहिनींनीही तोच टाकला होता. म्हणून हे लिहितोय.

'उद्यापासून' हे पहिलं खोटं. याच धाटणीचा मजकूर २०१२ मध्ये इंग्रजीत फिरत होता. डिलीट केलेले मेसेज सगळ्यांना दिसतील असा नियम तेव्हा आला नाही, नंतरही नाही.

मला खरा राग आहे तो 'रोम कायद्या'चा. १९९८ साली रोममध्ये झालेल्या करारातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. वंशसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे यांच्यासाठी. नातवाच्या जावळाच्या फोटोशी त्याचा काय संबंध? शिवाय भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही. पण कायद्याचं नाव दिसलं की साध्या माणसाला वाटतं, कुणा वकिलाने विचार करून लिहिलं असणार. त्याच भाबडेपणावर हा मजकूर जगतो.

आता 'परवानगी देत नाही'. खाते उघडताना आपण फेसबुकच्या अटी मान्य केलेल्या असतात. त्या अटींतच लिहिलंय की मजकुराची मालकी तुमचीच, पण तो साठवायचा, वापरायचा आणि पसरवायचा जगभरचा विनामोबदला परवाना तुम्ही कंपनीला देता. तो मजकूर त्यांच्या यंत्रणेतून पुसला गेला की परवाना संपतो. म्हणजे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही करायची आणि घराच्या भिंतीवर लिहायचं, 'माझ्या शेतावर बोजा नाही.' त्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो का? खान्देशात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. लोकांची भीती अगदीच निराधार नाही. प्रौढांच्या सार्वजनिक पोस्ट मेटा आपल्या एआयला शिकवायला वापरते, हे कंपनीच सांगते. युरोपात त्याला आक्षेप घेण्याचा फॉर्म मिळाला, कारण तिथला कायदा कडक आहे.

आमचा एक भाचा म्हणाला, "मामा, निदान निषेध तर होतो." नाही होत. निषेध काय असतो ते २००९ च्या फेब्रुवारीत दिसलं. फेसबुकने अटी बदलल्या, हजारो लोक एकत्र येऊन थेट कंपनीला भिडले आणि काही दिवसांत जुन्या अटी परत आल्या. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने नवं गोपनीयता धोरण आणलं तेव्हा आपल्याकडेही कितीतरी लोक सिग्नल-टेलिग्रामवर गेले. ते मान्य करायची ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारताच्या स्पर्धा आयोगाने चौकशी लावली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपने जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना लोकांची माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी अपिलात उठली, पण दंड टिकला. लोक अ‍ॅप सोडून गेले, तक्रारी झाल्या, नियामकाने दखल घेतली. स्वतःच्या भिंतीवर परिच्छेद चिकटवून यातलं काही घडलेलं नाही.

आणि नुकसान आहेच. मजकूर टाकून मावशी निर्धास्त झाली, पण तिचं प्रोफाइल जगाला उघडं होतं. मोबाइल नंबर दिसत होता. नातीचा शाळेच्या गणवेशातला फोटो, त्यावर शाळेचं नाव, खाली गल्लीचा पत्ता. फसवणारा माणूस हेच शोधत असतो, आणि ती तर काळजी मिटली म्हणून बसली होती.

रविवारी अमळनेरला जाऊन तिच्या ओट्यावर बसलो. सेटिंग्जमध्ये जुन्या पोस्ट मर्यादित करण्याचा पर्याय आहे, तो दाबला की आजवरच्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. नंबर 'फक्त मी'वर ठेवला, पुढच्या पोस्टसाठी 'मित्र' निवडलं. दहा मिनिटं लागली. मग मावशीनेच तो मजकूर काढला आणि वहिनींना फोन लावला.