आखाडाचा मेन्यू

पुण्यात खाण्याचे नियम काही कमी नाहीत. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, चतुर्थीला तर नाहीच. घरात चालत नाही, हॉटेलात चालतं. रस्सा नको, पण तळलेली तुकडी चालेल. या एवढ्या नियमांत ज्याला आपण खातो त्याच्या सोयीचा एकही नियम नाही, ही माझी तक्रार आहे.

आता आखाडाचंच बघा. श्रावण लागायच्या आत सगळी उधारी वसूल करायची म्हणून हॉटेलांबाहेर वेटिंगच्या रांगा लागतात. सुरमई थाळी, पापलेट थाळी, वर सोलकढी. आणि नेमक्या त्याच दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. मग ताटातली सुरमई येते कुठून? एक तर कोल्ड स्टोरेजमधून, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून. तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे तोवर उठलेली असते. पुढे ऑगस्टमध्ये इकडच्या होड्या समुद्रात जातात, कोळी बांधव नारळी पौर्णिमा करतात, ताजी मासळी यायला लागते, आणि आपण साबुदाण्याची खिचडी खात बसतो. वेळापत्रक इतकं उलटं लावायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं!

गोड्या पाण्याची कथा तर आणखी वाईट. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. मावळ-मुळशीकडे या चढणीच्या माशांची केवढी हौस! गाभोळीने पोट टम्म फुगलेला मासा, तव्यावर तिखट-मीठ लावून. चव उत्तम असते, खोटं कशाला बोलू. पण सह्याद्रीच्या नद्यांतले कितीतरी मासे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. गावातल्या पोराने ओढ्यात टोपलं लावून चार मासे धरले, त्याने काही बिघडत नव्हतं. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून आलेल्या पुणेकरांसाठी ओढेच्या ओढे उपसले जातात, ते मात्र वेगळं.

मोरीचं मटण ही माझी दुसरी ठसठस. कोकणात बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. तिथे ते घरगुती, कधीतरीचं खाणं. इथे ते मेन्यूकार्डवर बारमाही. मोरी म्हणजे मुशी, म्हणजेच शार्क. वयात यायला कित्येक वर्षं लागतात आणि पिल्लं मोजकी होतात, त्यामुळे बोंबील-बांगड्यासारखी भरपाई तिला जमत नाही. जगातल्या शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत, असं 2021 मधला जागतिक आढावा सांगतो. आपल्याकडे ताटात येते ती बहुधा छोटी, नेहमीची मुशी. पण जाळ्यात कानमुशीची, म्हणजे हातोड्यासारखं डोकं असलेल्या शार्कची, पिल्लंही येतात, आणि तिच्या काही जाती अगदी शेवटच्या घटका मोजतायत. एकदा तुकडे करून काळ्या वाटणात पडली की कोणाला ओळखू येणार?

मी वेटरला विचारून पाहिलं, "दादा, मोरी कुठली?"
"एकदम ताजी आहे, साहेब."
"तसं नाही, कुठली जात?"
"बोनलेस, साहेब."
त्याची चूक नाही. त्याला हे आजवर कोणी विचारलंच नसेल.

पापलेटला सरकारने 2023 मध्ये राज्यमासा केलं. आणि थाळीत काय येतं? तळहाताएवढंही नसलेलं अख्खं पिल्लू, वर लिंबाची फोड. 'अख्खा पीस मिळतो' म्हणून लोक खूश. सातपाटीचे मच्छीमार किती वर्षं ओरडतायत की पिल्लं मारू नका, उद्या आम्ही काय पकडू? त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. त्यामुळे 'तुम्ही कोळ्यांच्या पोटावर उठलात' असं मला कोणी सांगायला येऊ नये. पोटावर पाय पडतोय तो पिल्लं विकत घेणाऱ्यांचा.

शाकाहारी मंडळींनी इथे कॉलर ताठ करू नये. फरसाण, बिस्किटं, कितीतरी हॉटेलांतली तळणी यांत पामतेल असतं, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. तिथली जंगलं ज्या लागवडीसाठी गेली त्यात ओरांगउटानचं घर गेलं. त्याच्या तिन्ही जाती आज अतिधोक्यात आहेत. म्हणजे शुद्ध शाकाहारी पाटीखालीही हिशोब चालूच असतो.

'एका माणसाने विचारून काय होणार?' असं विचारणाऱ्यांना पुणेकर ग्राहकाची ताकद ठाऊक नाही. मे महिन्यात हाच माणूस आमरस कर्नाटकच्या आंब्याचा की देवगडचा, यावर मालकाला काउंटरवरून उठवून बोलावतो. तीच चौकशी माशाची करा. पिल्लू आलं तर परत पाठवा. जून-जुलैत सुरमईचा हट्ट सोडा.

आणि मासे खायचेच असतील तर चिलापी आहे की! मूळची आफ्रिकेची, उजनीत अशी माजली की तिथल्या देशी माशांना जागा उरली नाही. ती जितकी खाल तितकी थोडीच. भिगवणला रस्सा आणि भाकरीबरोबर छान लागते. (उजनीत पुण्याचं सांडपाणी जातं, हे मला माहीत आहे. तो विषय वेगळा, आणि त्यातही दोषी आपणच.)

आमच्या ग्रुपवर यंदाच्या आखाडाचं ठिकाण अजून ठरायचंय. मी भिगवण सुचवलंय. 'चिलापी मातकट लागते' असा पहिला आक्षेप आला आहे, दुसरा अर्थातच पेट्रोलचा. कोणाला भिगवणमधलं चांगलं हॉटेल माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, म्हणजे निदान मातकटपणाचा मुद्दा तरी निकालात काढता येईल.