‘ॲपलने टेस्ला घ्यावी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चिपळूणच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. आयफोनवाल्या ॲपलने इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी टेस्ला विकत घ्यावी, असं त्याचं म्हणणं. पैसा पडून आहे, स्वतःची गाडी काढायला जमली नाही, आणि गाडी म्हणजे शेवटी चाकांवरचा फोन. दोघे एक झाले की गाडी आयफोनसारखी बिनतक्रार चालेल, स्वस्त होईल, कोकणातही येईल. इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेली ओळखीची माणसं हे वाचून थांबायचं म्हणतायत, म्हणून लिहितोय.

‘ॲपलकडे पैसा आहे.’ आहे, पण एवढा नाही. 2024 च्या अखेरीस टेस्लाचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या वर होतं. तेव्हा ॲपलकडची रोकड आणि गुंतवणूक मिळून 14 हजार कोटी डॉलरच्या आसपास, आणि कर्ज वेगळंच. बाकीची किंमत शेअर देऊन चुकवायची, तर टेस्लाचे मोठे भागधारक इलॉन मस्क ॲपलचेच मोठे भागीदार होणार. ॲपलने आजवर केलेली सर्वांत मोठी खरेदी 2014 सालची, हेडफोन बनवणारी बीट्स, 300 कोटी डॉलरची.

‘ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी संधी घालवली.’ टेस्लाच्या मॉडेल 3 गाडीच्या वाईट काळात आपण कुकना भेटायला तयार होतो, टेस्ला 2020 मधल्या किमतीच्या एक दशांशात द्यायची तयारी होती, पण त्यांनी भेट नाकारली, असं मस्क यांनी डिसेंबर 2020 मध्ये ट्विट केलं होतं. मस्क यांच्याशी आपण कधी बोललोच नाही, असं कुक यांनी 2021 मध्ये सांगितलं. पण समजा, सौदा झाला असता. तेव्हाची टेस्ला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याबाहेर तंबू ठोकून गाड्या जुळवत होती. अर्धवट वस्तू बाजारात आणायची नाही, हा ॲपलचा स्वभाव. त्या शिस्तीत तो तंबू उभाच राहिला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

‘गाडी म्हणजे चाकांवरचा फोन.’ सगळी चूक इथे आहे. आयफोन फॉक्सकॉनसारख्या कंपन्या जुळवतात. ॲपल आराखडा, चिप आणि सॉफ्टवेअर सांभाळते. टेस्ला पत्रा दाबते, बॅटरीचे पॅक बांधते, स्वतःची वर्कशॉप आणि चार्जर चालवते. ती घ्यायची तर हा सगळा पसारा घ्यावा लागतो, आणि ब्रेकपासून बॅटरीच्या आगीपर्यंतची जबाबदारीसुद्धा. फोन बिघडला तर दुकानात दुसरा हातात देता येतो. कुंभार्ली घाटात पावसात बंद पडलेल्या गाडीपाशी कोणालातरी क्रेन घेऊन जावंच लागतं.

हर्णैच्या बाजूला मासळी वाहणाऱ्या कुठल्याही जुन्या टेम्पोचा वायरिंगचा कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट पूड धरलेली असते, रबरी सील कडक झालेलं असतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचं ते काम. पिना घासायच्या, नाहीतर कनेक्टरच बदलायचा. सॉफ्टवेअर अपडेटने ती पूड जात नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा एसटी आगारातल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. असं पाणी ओसरल्यावर इलेक्ट्रिक गाडी चालू करायची नसते, चार्जिंगला तर लावायचीच नसते. आधी जाणकाराने पॅक तपासायला हवा. तो जाणकार तालुक्याच्या गावी असला पाहिजे. मालकाच्या नावात ॲपल आलं म्हणून तो येत नाही.

‘स्वतःला जमलं नाही, मग तयार कंपनी घ्यावी.’ सुमारे दहा वर्षं खपून फेब्रुवारी 2024 मध्ये ॲपलने गाडीचा प्रकल्प बंद केला, हे खरं. पण तयार कंपनी घेतली की जमतंच असं नाही. गुगलने 2012 मध्ये मोटोरोलाचा फोनचा धंदा 1,250 कोटी डॉलरला घेतला आणि 2014 मध्ये लेनोवोला 291 कोटींत विकायला काढला. पेटंट त्यांनी बरीचशी ठेवून घेतली, तरी धंदा सोडलाच. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये नोकियाचे फोन घेतले आणि पुढच्याच वर्षी 760 कोटी डॉलर बुडीत दाखवले. हे तर फोनच होते! शाओमीने 2024 मध्ये गाडी आणली ती मात्र स्वतःचा कारखाना उभारून.

‘मग आपल्याकडे स्वस्त मिळेल.’ टेस्लाची शोरूम जुलै 2025 मध्ये मुंबईच्या बीकेसीत उघडली. मॉडेल वाय तेव्हा 60 लाखांच्या घरात, कारण ती शांघायहून येते आणि वर आयात शुल्क बसतं. मालक बदलला म्हणून कस्टमवाले शुल्क सोडत नाहीत. आयफोन आता भारतातही जुळवला जातो, तो किती स्वस्त झाला?

टाटा, महिंद्रा, एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्या आज बाजारात आहेत. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी सौद्याची वाट बघू नये. त्यापेक्षा डीलरला विचारा: हाय व्होल्टेजचं काम येणारा माणूस चिपळुणात आहे की गाडी टो करून कोल्हापूरला न्यायची? आणि ग्रुपवर जोर लावायचाच असेल तर तो राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणावर लावा. महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय, असं त्यात म्हटलंय. पनवेल ते सावंतवाडी त्यातलं किती झालं, आणि गणपतीत सगळे चाकरमानी एकदम निघाले की एका चार्जरपुढे किती गाड्या उभ्या राहणार, हे आपल्या आमदारांना विचारायला हवं.